छातीवरची गाठ

अमेरिकेच्या बॉय स्काउट संघटनेने १९२६ साली ‘सिल्व्हर बफेलो’ हा आपला सर्वांत मोठा सन्मान द्यायला सुरुवात केली. (हा बफेलो म्हणजे गोठ्यातली म्हैस नव्हे, उत्तर अमेरिकेच्या माळरानावरचा, आपल्या गव्याचा लांबचा भाऊबंद.) पहिला मान चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांना मिळाला, ते अपेक्षितच होते. दुसरा मिळाला तो अशा एका मुलाला, ज्याचे नाव, गाव, वय यांपैकी काहीच कुणाला ठाऊक नव्हते. गोष्ट अशी सांगतात : १९०९ मध्ये शिकागोचे प्रकाशक विल्यम बॉइस लंडनच्या धुक्यात वाट चुकले. एका स्काउट पोराने त्यांना हव्या त्या पत्त्यावर नेऊन सोडले. बॉइस बक्षिशी देऊ लागले तर पोराने ती घ्यायला नकार दिला. मदतीचे पैसे घ्यायचे नाहीत, हा स्काउटचा नियम. भारावलेल्या बॉइसनी फेब्रुवारी १९१० मध्ये अमेरिकेत संघटना नोंदवली. त्या दिवशी लंडनमध्ये धुके पडले होते का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. त्या अनामिक स्काउटसाठी दिलेली बफेलोची मूर्ती मात्र लंडनच्या वेशीवर, गिलवेल पार्कमध्ये आजही उभी आहे.

बक्षिशी नाकारली म्हणून बक्षीस! चळवळीतल्या प्रौढांच्या सन्मानाचा पेच तेव्हापासून असाच चालत आला आहे. जगभरात पाच कोटींहून अधिक मुले-मुली स्काउटिंगमध्ये आहेत आणि त्यांच्यामागे फुकट राबणारी लाखो प्रौढ माणसे आहेत. दर आठवड्याला शिट्टी घेऊन मैदानावर येणाऱ्या, शिबिरात रात्री दोन वाजता रडणाऱ्या पोराला पाणी देणाऱ्या, खर्चाची वही घरच्या पैशांनी जुळवणाऱ्या या माणसांना संघटनेने काय द्यायचे? कधी द्यायचे, आणि कुणाच्या सांगण्यावरून? आज हा प्रश्न नुसता शिष्टाचाराचा राहिलेला नाही. ब्रिटनमध्ये स्काउट पथकात जागा मिळावी म्हणून थांबलेल्या मुलांचा आकडा अलीकडे लाखाच्या घरात गेला आणि त्याला मुख्य कारण मुलांना सांभाळणाऱ्या प्रौढांची वाण हेच सांगितले जाते. आलेला माणूस टिकवायचा कसा, या चिंतेतून पदकांची चर्चा पुन्हा वर आली आहे.

स्वस्तिक, मणी आणि लांडगा

पहिली काही वर्षे बेडन-पॉवेल यांनी आभाराची साधी सोय केली होती. ज्याने स्काउटांना मदत केली त्याला ‘थँक्स बॅज’ द्यायचा. मराठी वाचकाला गंमत वाटेल, पण १९११ पासून या बॅजवर चक्क स्वस्तिक होते, शुभचिन्ह म्हणून. त्याच्यावर स्काउटांचे कमळासारखे तीन पाकळ्यांचे चिन्ह. बॅज लावलेल्या माणसाने हाक दिली तर कुठल्याही स्काउटने धावून जावे, असा संकेत होता; म्हणजे आभारांची परतफेडही सेवेनेच. जर्मनीत नाझींनी ते चिन्ह पळवल्यावर १९३०च्या दशकाच्या मध्यात स्काउटांनी ते बॅजवरून काढून टाकले.

‘सिल्व्हर वुल्फ’चा प्रवास आणखी बोलका. ब्रिटनचा हा चांदीचा लांडगा सुरुवातीला मुलांसाठी होता. भरपूर बॅज मिळवणाऱ्या हुशार स्काउटला तो मिळे. पुढे तो मुलांच्या हातून गेला आणि असामान्य सेवा करणाऱ्या प्रौढांच्या गळ्यात आला. जागतिक संघटनेचा ‘ब्राँझ वुल्फ’ १९३५ पासून दिला जातो आणि इतक्या वर्षांत तो मोजक्याच लोकांना मिळाला आहे. भारताच्या लक्ष्मी मजुमदार यांना तो १९६९ साली मिळाला. देशोदेशींच्या सन्मानांची नावे एका ओळीत मांडली तर प्राणिसंग्रहालयच उभे राहते : अमेरिकेचे बीव्हर, अँटिलोप आणि बफेलो, ऑस्ट्रेलियाचा कांगारू, जपानचा सोनेरी तितर, भारताचा हत्ती.

लाकडी मण्यांची कथा वेगळी आहे. सप्टेंबर १९१९ मध्ये गिलवेल पार्कमध्ये स्काउटमास्तरांचे पहिले प्रशिक्षण झाले. एकोणीस जण होते. शेवटी प्रत्येकाला देण्यासारखे काही हवे, म्हणून बेडन-पॉवेल यांनी आफ्रिकेतून आणलेल्या एका जुन्या माळेचे मणी चामड्याच्या वादीत ओवून दिले. ती माळ झुलू राजपुत्र दिनुझुलूची, असे ते सांगत. इतिहासकार त्याबद्दल एकमत नाहीत. हाच ‘वुड बॅज’. दोन मणी म्हणजे प्रशिक्षण पुरे, तीन-चार म्हणजे दुसऱ्यांना शिकवण्याचा अधिकार. गळ्यातल्या फिक्या रंगाच्या स्कार्फवर मागे चौकडीच्या कापडाचा छोटा तुकडा शिवलेला असतो. ती चौकडी मॅक्लारेन घराण्याची. गिलवेलची जमीन घ्यायला पैसे देणाऱ्या माणसाची. म्हणजे या स्कार्फवर गेली शंभरेक वर्षे एका देणगीदाराचे आभार मानले जात आहेत, आणि तो घालणाऱ्यांपैकी कितीजणांना ते ठाऊक असेल कोण जाणे. कागदोपत्री वुड बॅज हा सन्मान नाही, प्रशिक्षणाचा दाखला आहे. मैदानावर मात्र दोन मण्यांकडे लोक पदकासारखेच पाहतात, आणि भारतात अनेक मास्तर आपल्या नावापुढे हिमालय वुड बॅजची आद्याक्षरे हौसेने लावतात.

वर्षे मोजायची की काम?

आज दोन पद्धती समोरासमोर उभ्या आहेत.

ब्रिटनमध्ये त्या अगदी वेगळ्या ठेवल्या आहेत. सेवेची वर्षे भरली की सेवाकालाचा पुरस्कार मिळतो : पाच, दहा, पंधरा असे करत पुढे कित्येक दशकांपर्यंत. त्यात कामाचा दर्जा पाहण्याचा आव नाही. ‘चांगल्या सेवे’चे पुरस्कार ही दुसरी शिडी. तिच्या पायऱ्या ढोबळमानाने पाच, दहा, वीस आणि तीस वर्षांच्या आहेत. शेवटची पायरी म्हणजे सिल्व्हर वुल्फ. इथे नुसती वर्षे पुरत नाहीत, कुणीतरी कामाचे वर्णन लिहून पाठवावे लागते.

अमेरिकेत कल कामगिरीकडे अधिक आहे. तिथल्या प्रौढाच्या गणवेशावर डाव्या खिशाच्या वर कापडी पट्ट्यांच्या ओळी दिसतात आणि प्रत्येक पट्टीवर एका दोरीच्या गाठीचे भरतकाम असते. ती गाठ म्हणजे रीफ नॉट, स्काउट झालेला मुलगा पहिल्या दिवशी शिकतो तीच. उजवी दोरी डावीवरून, मग डावी उजवीवरून. रंग बदलतो तसा अर्थ बदलतो : जिल्हा पातळीचा सन्मान, प्रशिक्षणाचा टप्पा, १९३१ पासून चालत आलेला ‘सिल्व्हर बीव्हर’. जुन्या स्काउटरांमध्ये यावरून बरीच थट्टा चालते. छातीवर तीन-तीन गाठींच्या तीन-चार ओळी मिरवणारा माणूस आला की कुणीतरी हळूच विचारतो, पथकातल्या मुलांना कधी भेटतोस?

या थट्टेत एक खरा आक्षेप दडला आहे. सन्मान मिळवण्याच्या वाटा जिल्हा समित्या, प्रशिक्षण वर्ग आणि परिषदांमधून जातात, तिथे ओळखी होतात आणि नावे निघतात. दर आठवड्याला गल्लीतल्या एका हॉलमध्ये पंचवीस मुलांना गाठी शिकवणारा माणूस या वाटेवर फारसा येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे : जिल्ह्याचे काम करणारे नसतील तर शिबिराची जागा, विमा, प्रशिक्षण यांतले काही उभे राहणार नाही, आणि ते काम मुलांना दिसत नाही म्हणून कमी ठरत नाही.

बक्षिसाने हुरूप येतो की जातो?

या प्रश्नावर मानसशास्त्र आणि अर्थशास्त्रात गेली पन्नास वर्षे मोठा खल झाला आहे. त्यातला बराच भाग स्काउटांबद्दल नाही, पण स्काउट संघटना तो आपल्यालाही लागू पडतो असे मानून चालतात.

पहिली बाजू संशयाची. रिचर्ड टिटमस यांनी १९७०च्या त्यांच्या रक्तदानावरील पुस्तकात मांडले की पैसे आले की देण्याची भावना आटते. एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. आधी ठरवलेले, हातात पडणारे बक्षीस कामाची स्वतःची गोडी कमी करते, असा त्यांचा निष्कर्ष. त्यातलीच दोन निरीक्षणे मात्र स्काउटांच्या फार कामाची आहेत : तोंडी शाबासकीने गोडी वाढते, आणि अचानक मिळालेल्या बक्षिसाने ती घटत नाही. स्वीडनमधल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रक्तदानाच्या तयारीसाठी पैसे देऊ केले तेव्हा तयार होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. तेच पैसे एखाद्या संस्थेला दान करण्याची मुभा दिली तेव्हा ही घट राहिली नाही.

दुसरी बाजू म्हणते, पैसे वेगळे आणि मान वेगळा. याना गालुस यांनी जर्मन विकिपीडियावर सुमारे चार हजार नव्या संपादकांमधून काहींना चिठ्ठ्या टाकून नुसता एक चित्राचा बिल्ला दिला. पैसा नाही, वस्तू नाही. बिल्ला मिळालेल्यांमध्ये काम चालू ठेवणाऱ्यांचे प्रमाण वीस टक्क्यांनी अधिक निघाले. इटलीतल्या एका शहरात निकोला लाचेतेरा आणि मारिओ माचिस यांनी रक्तदात्यांच्या पदकांची छाननी केली. पदक जवळ आले की दाते लवकर लवकर रक्त देऊ लागत. पण जी पदके गावच्या वर्तमानपत्रात छापून येत आणि जाहीर समारंभात दिली जात, त्यांच्याच बाबतीत. पदकापेक्षा पदक मिळताना चार लोकांनी पाहणे महत्त्वाचे, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

तिसरे म्हणणे मधल्या वाटेचे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्लॅरी, स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वयंसेवा करण्यामागची सहा कारणे मांडली. मूल्ये, शिकण्याची ओढ, ओळखी आणि सोबत, करिअर, अपराधी भावनेतून सुटका, स्वतःबद्दल बरे वाटणे. हा आराखडा मानणारे म्हणतात की सगळ्यांना एकच पदक देण्यापेक्षा माणूस कशासाठी आला ते आधी ओळखा. शिकायला आलेल्याला चांगले प्रशिक्षण हेच बक्षीस. पुण्यात १९६६ पासून चाललेले गाइडांचे जागतिक केंद्र ‘संगम’ किंवा पचमढीचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र, इथे काही दिवस घालवायला मिळणे हे अनेक गाइडरांना संघटनेच्या ‘सिल्व्हर स्टार’ पदकापेक्षा मोलाचे वाटते, असे या गटाचे लोक सांगतात. ते खोटे नसावे. पण ज्याला सुट्टी मिळत नाही, त्याला पचमढीचा काय उपयोग, हा प्रश्न तिथेही उरतोच.

नाव कोण सुचवणार?

व्यवहारात सगळ्यात जास्त कुरबुर ऐकू येते ती इथे. अमेरिकेत सिल्व्हर बीव्हरसाठी स्वतःचे नाव स्वतः पाठवता येत नाही, आणि ज्याचे नाव पाठवले त्याला ते कळू द्यायचे नसते. शिवाय दर परिषदेला, म्हणजे संघटनेच्या स्थानिक विभागाला, पथकांच्या संख्येच्या हिशेबाने मोजकेच सन्मान. ही गुप्तता अचानक मिळालेल्या बक्षिसाच्या तत्त्वाला धरून आहे. तिचा तोटा असा की ज्याच्याभोवती दोन ओळी लिहिणारे कुणी नाही, तो कधीच पुढे येत नाही.

भारतातली सवय वेगळी. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षक स्वतःच अर्ज करू शकतात. पद्म पुरस्कारांसाठीही आता स्वतःचे नाव पाठवता येते. आत्मप्रशंसेला जागा मिळते, हा यावरचा आक्षेप. साहेबाची मर्जी लागत नाही, ही बाजू. दोन्ही पद्धतींत कागद कोण आणि किती चांगला लिहितो यावर निकाल फिरतो, आणि कागद लिहिणे हे मैदानावर राबणाऱ्यांचे बलस्थान सहसा नसते.

कुणाचे काम दिसते आणि कुणाचे दिसत नाही, याचे सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेतल्या बायकांचे आहे. १९३०च्या दशकापासून लहान मुलांच्या कब गटांचा सगळा डोलारा ‘डेन मदर’ म्हणवल्या जाणाऱ्या आयांनी सांभाळला. सन्मान मात्र पुरुषांना. स्त्रियांसाठी ‘सिल्व्हर फॉन’ निघाला तो १९७१ मध्ये. म्हणजे बीव्हर पुरुषांचा, आणि बायकांसाठी हरणाचे पाडस! तीन वर्षांत हा वेगळा सन्मान बंद झाला आणि बीव्हर दोघांनाही मिळू लागला. स्त्रीला स्काउटमास्तर व्हायला १९८८ उजाडावे लागले.

मास्तर स्वयंसेवक असतात का?

भारतात या वादाला आणखी एक पीळ आहे. इथे स्काउटिंग आले १९०९ मध्ये, बंगळुरात, आणि तेही आधी फक्त युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांसाठी ॲनी बेझंट यांनी मद्रासेत आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी उत्तरेत स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या मुख्य स्काउट संघटना ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’मध्ये एकत्र आल्या. पुढच्या वाढीत पथके मुख्यतः शाळांशी जोडली गेली. त्यामुळे महाराष्ट्रातला स्काउटमास्तर हा बहुधा त्याच शाळेतला गणिताचा किंवा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असतो, आणि तो स्वतःहून आला की मुख्याध्यापकांनी ‘तुम्ही तरुण आहात, तुम्हीच घ्या’ म्हणून पाठवला, हे ज्याचे त्यालाच माहीत.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की मैदानावर बत्तीस मुलांचे पथक चार संघांत उभे राहते. कुणाचा स्कार्फ उलटा, कुणाची लाठी शेजाऱ्याच्या पायावर. मास्तर शिट्टी तोंडात धरून क्लोव्ह हिचची गाठ तिसऱ्यांदा दाखवतात. तिकडे शिक्षकखोलीला कुलूप लागते आणि बाकीचे घरी निघतात. हा तास कामाचा की सेवेचा? एका बाजूचे म्हणणे : शिक्षकाला पगार आहे, शाळेचा उपक्रम आहे, मग वेगळे कौतुक कशाला. दुसऱ्या बाजूचे : जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण यांच्या रांगेत स्काउटला बसवू नका, शिबिराच्या चार रात्री आणि मुलांच्या सोपान (टप्प्यांच्या) परीक्षांची तयारी कुठल्याच वेळापत्रकात मावत नाही.

संघटनेकडे आपली पदके आहेत : लाँग सर्व्हिस, मेडल ऑफ मेरिट, सिल्व्हर स्टार आणि सर्वांत वर सिल्व्हर एलिफंट. राज्य शासनाच्या सावित्रीबाई फुले शिक्षक पुरस्कारांमध्येही स्काउट व गाइड शिक्षकांसाठी स्वतंत्र प्रकार असतो. शिक्षकांची मागणी मात्र अनेकदा पदकाची नसतेच. बदली रजा मिळावी, प्रवासाचा खर्च वेळेवर मिळावा, गणवेशाला हातभार लागावा, हे त्यांच्या यादीत वर असते. अशी मागणी फक्त इथलीच आहे असेही नाही. अमेरिकेत प्रौढ स्वयंसेवकाला उलट दरवर्षी नोंदणीशुल्क भरावे लागते. सेवेसाठी गाडी चालवली तर करात सूट मिळते ती मैलाला चौदा सेंट, आणि हा आकडा १९९८ पासून तिथेच आहे. धंद्यासाठी गाडी चालवणाऱ्याचा दर त्याच्या कितीतरी पट झाला. खर्च भरून देणे म्हणजे मोबदला देणे नव्हे, यावर आज बहुतेक जण सहमत आहेत. खर्च कुठवर मोजायचा, यावर नाहीत.

पदक आणि विश्वास

या सगळ्या चर्चेला एक काळी किनार आहे. अमेरिकेच्या संघटनेने लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांपुढे फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ८२,००० हून अधिक जणांनी दावे दाखल केले. २.४६ अब्ज डॉलरची भरपाई योजना २०२३ मध्ये लागू झाली. आता ‘स्काउटिंग अमेरिका’ या नव्या नावाने काम करणाऱ्या या संघटनेत मुलांसोबत नेहमी दोन प्रौढ असण्याचा नियम आणि बालसुरक्षा प्रशिक्षण सक्तीचे आहे.

पदकांशी याचा संबंध काय? पदक म्हणजे विश्वासाचा शिक्का. ‘वीस वर्षे काम केलेला माणूस’ असे म्हटले की पालकांच्या मनातले प्रश्न विरतात, आणि हीच ढाल काही जणांनी वापरली. म्हणून एक गट म्हणतो की सन्मानाच्या प्रत्येक शिफारशीबरोबर सुरक्षा प्रशिक्षण आणि ताजी चारित्र्यतपासणी जोडलेली असावी, आणि दोषी ठरलेल्याचा सन्मान काढून घेऊन तसे जाहीर करावे. दुसऱ्या गटाची काळजी अशी : आधीच माणसे मिळत नाहीत, आभार मानण्याच्या प्रसंगीही संशयाचा फॉर्म पुढे केला तर उरलेली निघून जातील. तपासणी काम सुरू करतानाच आणि ठरावीक काळाने सगळ्यांचीच व्हावी, सन्मानाचा तिच्याशी संबंध नको, असा त्यांचा आग्रह. सुरक्षेच्या नियमांची गरज दोघांनाही मान्य आहे. प्रश्न आहे तो सन्मानाच्या टेबलावर त्यांची जागा कोणती, एवढाच.

अजून मोकळे असलेले धागे

एक मोठी पोकळी संशोधनात आहे. विकिपीडियाच्या संपादकांवरचे, इटलीतल्या रक्तदात्यांवरचे निष्कर्ष आठवड्याला दोन तास आणि वर्षाला आठ रात्री देणाऱ्या स्काउटमास्तराला कितपत लागू पडतात? रक्तदान अर्ध्या तासाचे असते. पथक चालवणे हा वर्षानुवर्षांचा संसार आहे. त्यात माणूस पदकाने टिकतो की पोरांमुळे, हे वेगळे करून दाखवणे अवघड आहे.

दुसरा धागा स्वयंसेवेच्या बदलत्या रूपाचा. ब्रिटनमध्ये अलीकडे एकट्या पदाधिकाऱ्याऐवजी गटाने काम वाटून घेण्याची रचना आली आहे. महिन्यातून एक संध्याकाळ देणारी आई, फक्त हिशेब पाहणारा आजोबा, फक्त शिबिरात स्वयंपाक करणारे शेजारी. तीस वर्षांच्या शिडीवर यांना कुठे बसवायचे? काहींच्या मते गटालाच सन्मान द्यावा. काहींना वाटते, गटाला दिलेले पदक शेवटी कपाटात जाते, कुणाच्याच घरी पोचत नाही.

आणि तिसरा धागा मुलांच्या आवाजाचा. प्रौढांचे सन्मान आजही जवळजवळ सगळीकडे प्रौढच ठरवतात. याला एक लहानसा अपवाद अमेरिकेत आहे, आणि तिथल्या मराठी घरांनाही तो माहीत असतो. ईगल स्काउट हा सर्वोच्च टप्पा गाठलेल्या मुलाला समारंभात पदकाबरोबर आणखी छोट्या पिना मिळतात : आईसाठी एक, वडिलांसाठी एक, आणि त्याला घडवणाऱ्या मोठ्या माणसासाठी एक. ती शेवटची कुणाला द्यायची हे फक्त त्या मुलाने ठरवायचे. कधी स्काउटमास्तर, कधी शेजारचे काका, कधी सातवीत पोहायला शिकवणारी बाई. सभागृहात मुलगा नाव पुकारतो, तो माणूस गडबडून उठतो, मुलगा त्याच्या कॉलरवर पीन लावतो आणि दोघे स्काउटांच्या रीतीने डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. या पिनेला अर्ज नाही, कोटा नाही, वर्षांची अट नाही. तिच्यासाठी छातीवर लावायची गाठही नाही.